कुलर, गिझर, सोलर: मशीनच्या आधी पाणी आणि लाईट बघा

माझं दुकान औसा तालुक्यात आहे, लातूरहून किल्लारीकडं जाणाऱ्या रस्त्याला. वर्षभर विहिरीच्या अन् बोअरच्या जळालेल्या मोटारी भरतो, म्हणजे त्यांचं वाइंडिंग नव्यानं गुंडाळतो. शिवरात्र झाली की कुलर यायला लागतात, दसरा झाला की गिझर. येणाऱ्या माणसाचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा एकच असतं, "कंपनी बेकार निघाली." कंपनी बेकार असतेही कधी कधी. पण खोलून बघितलं तर आतला बिघाड पाण्यानं केलेला असतो, नाहीतर लाईटनं. म्हणून मशीनबद्दल सांगायच्या आधी या दोन गोष्टी सांगतो. त्या नीट केल्या तर माझ्याकडं यायची वेळ कमी येईल, आणि तसं झालेलं मला हवंच आहे. उन्हाळ्यात कुलरच्या शॉकनं घरातलं माणूस गेलेली घरं मी जवळून बघितलीत.

पाणी

आपल्याकडं खाली काळा कातळ. खोल बोअरमधलं पाणी या खडकात वर्षानुवर्षं मुरलेलं असतं, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी थंड असतं तोवर ते दिसत नाहीत. तापलं की क्षार पाण्यातून सुटतो आणि जिथं सगळ्यात जास्त गरम असतं तिथंच, म्हणजे गिझरच्या कॉइलवर, चिकटतो. कुलरमध्ये दुसरा प्रकार. पाण्याची वाफ होऊन उडून जाते, क्षार मात्र टाकीत आणि जाळीत मागं राहतो.

आपलं पाणी जड आहे का, हे स्वयंपाकघरात कळतं. तुरीची डाळ शिजवूनही बोट लावता फुटत नसेल, साबणाला फेस यायच्या ऐवजी पाण्यावर साय आल्यासारखं तरंगत असेल, तर पाणी जड. स्टीलच्या पातेल्यात दोन तांबे पाणी पूर्ण आटवून बघा, तळाला पांढरी खर किती बसते ते डोळ्यांनी दिसेल. आकडाच हवा असेल तर भूजल सर्वेक्षणाची प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी असते. जलजीवन मिशनमधून ग्रामपंचायतींना पाणी तपासायचे किटही दिलेले आहेत, ग्रामपंचायतीत विचारा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणा, म्हणजे हाच जडपणा, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला धरतात, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. ६०० च्या आसपासच्या पाण्यावर गिझर चालवायचा असेल तर दरवर्षी तो खोलावाच लागेल, मग कुठल्याही कंपनीचा असो.

एका पुनर्वसित गावात शेजारी शेजारी दोन घरं आहेत. दोघांकडं एकाच कंपनीचा, एकाच दुकानातून घेतलेला गिझर. एका घरात कॉइल हिवाळाभर टिकत नव्हती, दुसऱ्या घरात हातही लावावा लागला नाही. पहिल्या घरची टाकी खोल बोअरवर, दुसऱ्याची गावच्या नळावर. शेवटी पहिल्या घरात आम्ही न्हाणीघरासाठी दोनशे लिटरची वेगळी छोटी टाकी वर ठेवली. ती नळाच्या पाण्यानं भरायची आणि गिझरची लाइन त्या टाकीवरूनच घ्यायची. बाकी सगळं, भांडी-धुणं-जनावरं, बोअरवरच. खर्च टाकीचा आणि चार-सहा मीटर पाइपचा. तुमच्याकडं विहीर, आड, नळ असं दुसरं कुठलंही हलकं पाणी असेल तर हीच युक्ती करा.

गिझरच्या आधी लावायचं क्षार रोखणाऱ्या गोळ्यांचं छोटं फिल्टर मिळतं. ते उपयोगी आहे, पण गोळ्या संपल्या की नुसतं प्लॅस्टिकचं भांडं उरतं, म्हणून भरत राहावं लागतं. पाइपला लोहचुंबकाची पट्टी बांधली की क्षार जातो म्हणून विकणारे येतात, त्यात पैसे घालू नका.

लाईट

गिझरवर २००० वॅट लिहिलेलं असतं ते २३० व्होल्टला. व्होल्टेज उतरलं की वॅट त्याच्या वर्गाच्या हिशोबानं उतरतात. १८० व्होल्टला तोच गिझर जेमतेम १२२५ वॅटचा होतो. २३० व्होल्टवर १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर न्यायला वीसेक मिनिटं लागतात, तिथं १८० ला पस्तीस लागतील. म्हणजे गिझर बिघडलेला नाही, लाईट कमी आहे. उलट २६० व्होल्ट आलं तर तो अडीच हजार वॅटच्या पुढं ओढतो आणि प्लग, सॉकेट वितळतं. चार-पाचशे रुपयांचा मल्टिमीटर घरात असावा. पाना आणि पक्कड जशी असते तसाच.

सगळ्यात वाईट बिघाड म्हणजे डीपीवरचा (ट्रान्सफॉर्मरवरचा) किंवा खांबावरचा न्यूट्रल, म्हणजे करंटची परतीची वायर, तुटणं. ओळखायची खूण अशी की घरातला एक बल्ब एकदम लख्ख होतो, दुसरा मिणमिणतो, पंखा वेड्यासारखा पळतो. अशा वेळी घरात २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतं. दिसलं की पळत जाऊन मेन स्विच पाडा, शेजाऱ्यांना हाक मारा, मग लाइनमनला किंवा महावितरणच्या १९१२ ला फोन करा. डीपीवर स्वतः चढायचं नाही, कुणाला चढू द्यायचं नाही.

आता अर्थिंग. यावर मी थोडा जास्त थांबणार आहे. कुलरचं, गिझरचं, मोटारीचं धातूचं अंग जमिनीला जोडलेलं असलं की आतली वायर अंगाला टेकली तरी करंटला माणसाच्या अंगातून न जाता दुसरी वाट मिळते. गावात घरं नवीन झाली, फरशी आली, फर्निचर आलं, पण कितीतरी घरांत तीन पिनांच्या सॉकेटमधली वरची पिन नुसतीच शोभेची आहे, मागं वायरच नाही. वायरमनला ती उघडून दाखवायला सांगा.

चांगली अर्थिंग म्हणजे आठ फुटांच्या आसपास खोल गेलेला जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, वर पाणी ओतायला तोंड. पण आपल्या काळ्या मातीचं एक आहे. पावसाळ्यात ती चिकट ओली असते, अर्थिंग उत्तम लागते. एप्रिल-मेमध्ये तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि माती पाइपपासून सुटते. नेमका तेव्हाच कुलर चालू असतो. म्हणून उन्हाळाभर आठवड्यातून एकदा अर्थिंगच्या तोंडात बादलीभर पाणी ओता. कुलरमधून काढलेलं खारं पाणी ओतलंत तरी चालतं, उलट बरंच. मिठानं पाइपाचा वरचा जोड काही वर्षांत गंजतो, तो दर उन्हाळ्याच्या आधी खरवडून घट्ट करून घ्या. नळाच्या पाइपला अर्थिंग जोडायची जुनी सवय सोडून द्या. आता पाइप प्लॅस्टिकचे आहेत, त्यातून काही जमिनीत जात नाही.

सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईट तोडणारा स्विच, बसवून घ्या. एमसीबी आहे म्हणून लोक निर्धास्त असतात. एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. माणसाचा जीव घ्यायला लागतो त्यापेक्षा कितीतरी जास्त करंट गेला तरच तो पडतो. आरसीसीबी गळती झाली की क्षणात पडतो. त्याच्यावर टेस्टचं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबून बघायचं, पडला पाहिजे. आणि तो सारखा पडतो म्हणून कुणी "डायरेक्ट करून देतो" म्हणालं तर त्याला घरातून परत पाठवा. सारखा पडतोय म्हणजे कुठंतरी खरंच गळतंय.

गोठ्यातून वायर नेली असेल तर तीही याच आरसीसीबीवर घ्या. गाय-म्हैस चार पायांवर ओल्या जमिनीत उभी असते, माणसाला नुसती झिणझिणी येते तेवढ्यात जनावर कोसळतं. गोठ्याच्या लोखंडी खांबाला वायर गुंडाळलेली दिसली की मी आधी ती सोडायला लावतो, मग बाकीचं काम.

कुलर

उन्हाळ्याच्या आधी कुलर माळ्यावरून उतरवला की तसाच चालू करू नका. आधी प्लग न लावता पंख्याचं पातं हातानं फिरवा. मोकळं फिरत असेल तर बरं. जड असेल तर बुश किंवा बेअरिंग धरलंय, दोन थेंब मशीनचं तेल घालून थोडा वेळ थांबा, तरी जड राहिलं तर मेकॅनिककडं न्या. तसाच चालू केला तर वाइंडिंग जळतं, आणि मग शंभर रुपयांचं काम हजारावर जातं.

पातं मोकळं आहे पण चालू केल्यावर मोटार नुसती गुरगुरते, फिरत नाही, असं असेल तर आधी व्होल्टेज बघा. ते ठीक असेल तर कंडेन्सर (कपॅसिटर) गेला. हे सगळ्यात जास्त वेळा होतं आणि सगळ्यात स्वस्तात सुटतं. कंडेन्सरवर त्याचा एमएफडीचा आकडा छापलेला असतो, तोच आकडा असलेला नवीन घ्या. जास्तीचा बसवला की जोरात फिरेल हा गैरसमज आहे, मोटार तापून जाते. बदलताना प्लग काढलेला हवा, आणि जुन्या कंडेन्सरच्या दोन्ही टोकांना प्लॅस्टिकची मूठ असलेला स्क्रूड्रायव्हर टेकवून त्यातला साठलेला करंट आधी उतरवायचा.

मग जाळ्या. गवताच्या असतील तर दरवर्षी गवत बदला, त्याला पर्याय नाही. नवीन गवत बसवल्यावर अर्धा तास नुसतं पाणी फिरवून ते पाणी टाकून द्या, पहिला वास निघून जातो. गवत भरताना कोपऱ्यात पातळ आणि मध्ये गच्च असं होतं, तसं नको. हनीकॉम्ब असेल तर आपल्या पाण्यावर ते दोन-तीन उन्हाळे चालतं. त्याच्या भोकांत क्षार दगडासारखा बसला की हवा शिरत नाही. ते लिंबूसत्वाच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी पाण्याच्या हलक्या धारेनं धुवा. ब्रशनं घासलं तर ते फाटतं.

वरच्या पन्हळीची भोकं सुईनं किंवा तारेनं एकेक करून मोकळी करा. हे काम कुणी करत नाही आणि कुलर थंड हवा देत नाही म्हणून सगळे येतात. जाळीवर जिथं पाणी पोचत नाही तो कोरडा पट्टा बाहेरची उकळती हवा जशीच्या तशी आत ओढतो. पंपाला फडक्यात बांधू नका, त्याची जाळी काढून धुवा. पंप कधीही कोरडा चालू ठेवू नका. कोरडा तापला की त्याचं आवरण तडकतं, आणि तोच पंप पुढं पाण्यात करंट सोडतो.

यातूनच जीव जातात. म्हणून पाणी भरताना, टाकीत हात घालताना, कुलर सरकवताना प्लग उपसून काढायचा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण कितीतरी घरांत बटण चुकून न्यूट्रलवर बसवलेलं असतं. तेव्हा पंखा थांबतो, पण मशीनमध्ये करंट राहतो. ही गोष्ट घरातल्या बायकांना आणि पोरांना आवर्जून सांगा, कारण दुपारी हंड्यानं कुलर भरायचं काम त्यांच्यावरच असतं. हंडा लोखंडी किंवा स्टीलचा, पाय ओले, फरशी ओली. कुणाला शॉक लागलाच तर त्याला हात लावायच्या आधी मेन पाडा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडानं वायर बाजूला करा, मग १०८ ला फोन.

ठेवायची जागा. कुलर खिडकीत, तोंड आत आणि पाठ बाहेर. समोरची खिडकी नाहीतर दार थोडं उघडं. बरेच जण खोली बंद करून कुलर मध्येच ठेवतात आणि अर्ध्या तासात सगळं दमट होतं. कुलरला बाहेरची कोरडी हवा लागते, आणि आतली ओली हवा बाहेर जायला वाट लागते. ४२ अंशांच्या कोरड्या दुपारी चांगला कुलर हवा २७-२८ पर्यंत आणतो. जून-जुलैत पाऊस लागला की बाहेरचीच हवा ओली असते, तेव्हा पंप बंद करून नुसता पंखा चालवा.

मोठा कुलर दिवसभर चालला तर शंभर लिटरच्या पुढं पाणी जातं. ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथं हे सांगताना मला जड जातं, पण खरं आहे ते आधी माहीत असलेलं बरं. टाकीत फक्त पाणी घालत राहिलात तर क्षार वाढत जातो, म्हणून दोन-तीन दिवसांनी टाकी रिकामी करून धुवा. ते पाणी अंगणात शिंपडा, अर्थिंगला द्या, नारळ असेल तर नारळाला. आठवड्यातून एकदा तरी टाकीच्या भिंती काथ्यानं घासून पूर्ण वाळवा. डेंग्यूचा डास साठलेल्या साध्या पाण्यात वाढतो, अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात आणि अंडी भिंतीला चिकटलेली असतात. नुसतं पाणी ओतून दिलं तर ती जात नाहीत. आरोग्य खात्याच्या ताई कोरडा दिवस पाळा म्हणून सांगत येतात ते याच्यासाठीच.

स्लॅबचा ताप

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात आमच्या भागातली दगड-मातीची माळवदं गेली आणि त्या जागी सिमेंटची घरं आली. माळवदाच्या जाड भिंती दुपारचं ऊन आत येऊ देत नव्हत्या, पण त्याच भिंतींखाली माणसं गेली. सिमेंटचं घर पाहिजेच, यात मला शंका नाही. फक्त त्याचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री एक वाजेपर्यंत तो ताप खाली सोडत राहतो. रात्री कुलर लावूनही घाम येतो तो याच्यामुळं.

मार्चमध्ये स्लॅब झाडून त्यावर चुन्याचे दोन हात द्या. चुना रात्रभर भिजवून, गाळून, त्यात थोडा फेविकॉल मिसळा म्हणजे वाऱ्यानं उडत नाही. ताजा कळीचा चुना भिजवताना उकळतो, पोरांना लांब ठेवा, डोळ्यांत जाऊ देऊ नका. पत्र्याचं घर असेल तर पत्र्यावर उसाचं पाचट किंवा तुराट्यांचा थर चांगला गारवा देतो, पण चुलीच्या धुराड्यापासून तो लांब हवा. त्यापेक्षा हात-दीड हात उंचीवर हिरवी नेट ताणलेली मला जास्त पसंत आहे. एवढं केलं तर कुलर लहान घेतला तरी भागतो.

एसी घेणारी घरंही आता गावोगाव आहेत. त्यांना एवढंच सांगतो की जाळी दर पंधरा दिवसांनी धुवा, बाहेरचं युनिट पश्चिमेच्या उन्हात आणि शेताच्या धुळीच्या तोंडाला बसवू नका, आणि गॅस "थोडा कमी झालाय" म्हणून दरवर्षी भरून घेऊ नका. गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. कमी झाला म्हणजे गळती आहे, आधी ती शोधायला लावा.

गिझर

दिवाळीच्या आधी गिझर खोला. आधी एमसीबी पाडा, प्लग काढा, पाणी गार होऊ द्या, येणारा नळ बंद करा, खालून पाणी काढून टाका. जे निघेल त्यात भाताच्या शितांसारखे पांढरे खडे असतील. मग झाकण खोलून कॉइल बाहेर घ्या. वायरी काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

कॉइलवरचा क्षार चाकूनं किंवा हातोडीनं उडवू नका. किराणा दुकानात लिंबूसत्व मिळतं, कोमट पाण्यात लिटरला ५० ग्रॅम टाका आणि कॉइलचा तापणारा भाग त्यात बुडवून ठेवा, जोडाची टोकं पाण्याबाहेर. बुडबुडे येत राहतील, थांबले की क्षार सुटला. संडास धुवायचं ॲसिड टाकीत ओतून साफ करून देणारे असतात. त्यानं क्षार जातो तसा टाकीच्या आतला काचेचा थरही जातो, आणि वर्षभरात टाकी गळायला लागते.

कॉइल बाहेर आहे तोवर मल्टिमीटरनं मोजून घ्या. २००० वॅटच्या कॉइलचे ओहम २६ च्या आसपास येतात. काहीच आकडा आला नाही तर कॉइल तुटली. कॉइलची पिन आणि तिची धातूची बाजू यांच्यात मात्र काहीही लागता कामा नये, लागलं तर ती कॉइल गळकी आहे आणि पाणी कितीही चांगलं तापवत असली तरी बदला.

आत आणखी एक दांडी असते, मॅग्नेशियमची. लोकांना ती काय आहे तेच माहीत नसतं, आणि काही मेकॅनिक ती काढून फेकून देतात. ती टाकीच्या ऐवजी स्वतः गंजून टाकी वाचवते. आतली तार दिसायला लागली असेल तर नवीन घाला. आपल्या पाण्यावर दर वर्षी-दोन वर्षांनी ती घालावी लागते. ज्या घरात ही दांडी वेळेवर बदलली जाते तिथल्या टाक्या टिकलेल्या मी बघतो.

बंद करताना गॅस्केट नवीन. मग आधी पाणी चालू करा, गरम पाण्याच्या नळातून सलग धार आली की मगच लाईट लावा. रिकाम्या टाकीत कॉइल मिनिटाभरात जळते. थर्मोस्टॅट ५५ च्या आसपास ठेवा. ६० च्या वर क्षार झपाट्यानं बसतो आणि एवढ्या गरम पाण्यात शेवटी थंडच मिसळावं लागतं.

तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब थेंब पाणी पडतं ते पडायलाच हवं, पाणी तापून फुगतं त्याला ती वाट आहे. तिथं बूच मारू नका. कटआउट (पाणी फार तापलं की लाईट तोडणारा) सारखा उडतो म्हणून त्याच्या वायरी थेट जोडून देणारा मेकॅनिक दिसला तर त्याच्या हातून काम काढून घ्या. थर्मोस्टॅट चिकटला आणि कटआउट नसला की पाणी उकळत राहतं, वाफेचा दाब वाढतो आणि टाकी फुटते. नवीन घेताना आयएसआय शिक्का बघा. सॉकेट १६ अँपिअरचं आणि वायर अडीच स्क्वेअर एमएमची, एक्स्टेंशन बोर्डावर गिझर कधीच नाही.

गॅस गिझर असेल तर तो न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत. हे मी हात जोडून सांगतो. बंद न्हाणीघरात ज्योतीला हवा पुरत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, चक्कर येते, आणि आतून कडी लावलेली असते. ज्योत निळी हवी, पिवळी दिसली की बर्नर साफ करून घ्या.

रॉड वापरायचाच असेल तर बादली प्लॅस्टिकची, रॉड खुणेपर्यंत बुडालेला, मग बटण. पाण्यात बोट घालून बघायच्या आधी प्लग बाहेर.

आणि बंब अजून बऱ्याच घरांत आहे. त्याबद्दल मला माया आहे. पऱ्हाटी, तुराट्या शेतात पडूनच असतात, आणि लाईट असो नसो पाणी तापतं. फक्त पाणी भरल्याशिवाय जाळ करायचा नाही, रिकाम्या बंबाचा झाळणीचा डाग वितळून जोड सुटतात. वर्षातून एकदा चिंचेचं पाणी आत भरून उकळलं की आतला क्षार सैल होतो.

सोलर

आपल्याकडं ऊन भरपूर, म्हणून पाच-सहा माणसांच्या घराला दोनशे लिटरचं सोलर हे मी सगळ्यांत आधी सुचवतो. जड पाण्याला काचेच्या नळ्यांचं घ्या, तांब्याच्या बारीक पाइपांचं पॅनल क्षारानं गच्च होतं. तोंड दक्षिणेला. थंड पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा वर हवी, आणि हवेची उभी नळी त्या थंड टाकीच्याही वर गेलेली हवी. ती नळी वाकडी झाली किंवा मधमाश्यांनी-गांधीलमाश्यांनी बुजवली तर टाकी चेपते किंवा गळते.

नळ्या फुटण्याचं मोठं कारण म्हणजे लाईट नसल्यामुळं टाकी रिकामी राहणं. कोरड्या नळ्या उन्हात प्रचंड तापतात, त्यात दुपारी लाईट आली आणि गार पाणी शिरलं की काच तडकते. अशा वेळी पाण्याचा व्हॉल्व्ह बंद ठेवा आणि रात्री नाहीतर पहाटे भरा. गारपिटीचं पण लक्षात ठेवा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारांनी पिकांचं काय केलं ते आपण बघितलंय. आभाळ भरून आलं की नळ्यांवर जुनी गोधडी किंवा पोती टाकायची सवय ठेवा.

एखादी नळी गेली आहे का हे ओळखायला तिच्या खालच्या टोकाला बघा. तिथं आरशासारखा चंदेरी भाग असतो. तो पांढरा दुधाळ झाला म्हणजे आतली निर्वात पोकळी गेली, ती नळी आता पाणी तापवणार नाही. सगळं सोलर बदलायची गरज नसते, ती एक नळी बदला. कारखान्याच्या जवळ राहणाऱ्यांनी गाळपाच्या हंगामात महिन्यातून दोनदा तरी सकाळी लवकर नळ्या धुवाव्यात, बगॅसची (उसाच्या चिपाडाची) काळी राख बसली की पाणी कोमटच राहतं. वर्षातून एकदा टाकी आणि नळ्या रिकाम्या करून तळाचा गाळ काढून घ्या. यातही मॅग्नेशियमची दांडी असते, ती विसरू नका.

मेकॅनिकला बोलावताना

गावात माणूस यायला अर्धा दिवस जातो, म्हणून फोनवरच नीट सांगा. मशीन किती लिटरचं किंवा केवढं, पाणी बोअरचं की नळाचं, त्या वेळी व्होल्टेज किती होतं, आवाज येतो का, अंगाला झिणझिणी येते का, एमसीबी पडतो की आरसीसीबी. प्लेटवरच्या स्टिकरचा फोटो पाठवा. एवढं कळलं तर तो बरोबर पार्ट घेऊनच येतो आणि तुमचा एक हेलपाटा वाचतो. झिणझिणी येत असेल तर तो येईपर्यंत प्लग काढून ठेवा, "थोडीच येते" म्हणून चालवू नका.

काम झालं की जुना पार्ट मागून घ्या, नव्याचं बिल घ्या, आणि जायच्या आधी त्याच्यासमोर आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबायला लावा. गिझरच्या अंगावर मार्करनं तारीख लिहून ठेवा: कॉइल कधी साफ केली, दांडी कधी घातली. पुढच्या दसऱ्याला जो कुणी खोलेल त्याला तेवढ्यावरून काम कळतं.